तळघरांतील बंब

घरांतील ज्या वस्तूंवांचून आपलें एक दिवसहि चालत नाहीं, त्यांच्याकडे आपण वर्षानुवर्षें ढुंकून पाहात नाहीं. आणि ज्यांच्यावांचून सहज चालेल, त्या मात्र दिवाणखान्यांत मांडून आल्यागेल्यास कौतुकानें दाखवितों. हा मनुष्यस्वभाव आम्हांस पुस्तकांतून पुष्कळ दिवस ठाऊक होता. तो आपल्याहि अंगीं आहे, हें कळण्यास मात्र गेल्या डिसेंबरांत आमच्या तळघरांत पाणी सांचावें लागलें.

आम्ही अमेरिकेंतील ओहायो राज्यांत एका लहानशा गांवीं राहतों व तेथील कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. या थंडीच्या मुलुखांत बहुतेक घरांखालीं तळघर असतें आणि त्याच्या एका कोपऱ्यांत पाणी तापविण्याची टाकी उभी असते. आमची टाकी ४० गॅलनांची, म्हणजे सुमारें १५० लिटरांची. २००६ सालीं आम्हीं हें घर घेतलें तेव्हां ती नवी होती. पुढें आम्ही जुनीं मासिकें ठेवावयास अथवा बर्फ ओढण्याचें फावडें आणावयास कितीदां तरी तळघरांत उतरलों. पण टाकीजवळ क्षणभर थांबलों असूं, असें आठवत नाहीं. न्हाणीघरांत तोटी फिरवावी आणि ऊन पाणी यावें, हा सृष्टीचाच एक नियम आहे, असें आम्ही धरून चाललों होतों. अलीकडे ती तापूं लागली कीं बुडाशीं खडखड आवाज करी. बुडाशीं चुन्याचा थर बसून त्याखालीं अडकलेलें पाणी उसळूं लागलें म्हणजे असा आवाज होतो, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या वेळीं आम्हीं तळघराचें दार ओढून घेतलें आणि परीक्षेचे पेपर तपासावयास बसलों.

एका शुक्रवारीं संध्याकाळीं टाकी बुडाशीं फुटली. वायूची कळ कोणती आणि पाण्याची कोणती, याचा शोध आम्ही विजेरीच्या उजेडांत करीत होतों, तोंच सौभाग्यवतींनीं येऊन दोन्ही बंद केल्या. नळ-कारागिरास दूरध्वनि केला. तो म्हणाला, सोमवारपूर्वीं येणें जमणार नाहीं.

आमची आई हिंवाळ्यापुरती पुण्याहून आली होती. तिचें वय ८२. आमची धांवपळ ऐकून ती कठड्यास धरून जिना उतरूं लागली. प्रत्येक पायरीवर ती दोन्ही पाय टेकवी, थोडी थांबे, आणि मग पुढची पायरी घेई. ती महिनाभर आमच्या घरांत वावरत होती. पण तिला अशा रीतीनें जिना उतरावा लागतो, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें.

खालीं येऊन तिनें टाकीकडे निरखून पाहिलें. बुडाशीं जाळ करण्याची जागा, माथ्यावर धुराड्याकडे गेलेली नळी. "अरे, हा तर आपला बंबच कीं!" ती म्हणाली.

विद्वानांस शोभेल अशा समजूतदार स्मितानें आम्ही तिला या दोहोंतील भेद सांगावयास लागलों, आणि दुसऱ्याच वाक्यास अडखळलों. कारण भेद सांपडेना. खालीं विस्तव, मधून वर गेलेली नळी, नळीच्या सभोंवतीं पाणी. धूर वर जातां जातां आपली ऊब पाण्यास देऊन जातो. पुण्याच्या तांबट आळींत ठोक्याठोक्यानें घडविलेला आमचा बंब असाच होता. फरक इतकाच कीं, येथें करवंट्या आणि गोवऱ्या यांच्या जागीं जमिनीखालून वायु येतो, आणि एक इवलीशी निळी ज्योत नंदादीपासारखी अखंड तेवत असते. शिवाय बंबांतून एक बादली काढली कीं एक बादली गार पाणी वरून ओतावें, हा आमच्या घरचा कडक नियम होता. आम्ही भावंडें तो मोडीत असूं आणि मागाहून न्हाणाऱ्याच्या शिव्या खात असूं. येथें तो नियम नळच पाळतो. जितकें ऊन जाईल तितकें गार आपोआप आंत येतें. कोणास कांहीं लक्षांत ठेवावें लागत नाहीं, आणि म्हणूनच, आम्हांस वाटतें, कोणाच्या कांहीं लक्षांत राहात नाहीं.

शनिवारपासून तीन दिवस आम्हीं शेगडीवर मोठ्या पातेल्यांत पाणी तापवून आईच्या न्हाणीघरांत नेलें. बाहेर उणें दहा अंश थंडी होती. पहिल्या दिवशीं बादली ठेवून आम्ही परत फिरणार, तोंच आईनें बोट बुडवून लगेच मागें घेतलें. विसण घालावयाचें राहिलें होतें. आम्हीं गार पाण्याचा तांब्या उचलला. पण किती घालावें, हें कळेना. आई कढत पाण्यानें न्हाते कीं कोमट, हें पंचावन्न वर्षांत आम्हांस कधीं ठाऊकच झालें नव्हतें. उलट आम्हां भावंडांपैकीं कोणाच्या बादलींत किती विसण लागतें, हें तिनें त्याच दिवशीं जेवतांना एकेकाचें नांव घेऊन सांगितलें.

सोमवारीं कारागीर एका मदतनिसासह आला. चुन्यानें तोटी तुंबली असल्यामुळें टाकी रिकामी होण्यासच दोन तास गेले. मग त्यानें टाकीच्या माथ्यावरील एक बोल्ट मोठ्या पान्यानें सोडविला व त्यास लोंबणारी एक बारीक, गंजलेली तार बाहेर ओढली. "ही पाहा तुमची कांडी," तो म्हणाला.

टाकी पोलादाची असून तिला आंतून कांचेचा लेप दिलेला असतो. त्या लेपास कोठें ना कोठें बारीक छिद्र राहतेंच; तेथून पाणी पोलादास खाऊं लागतें. तें टळावें म्हणून टाकींत मॅग्नेशियमची एक जाड कांडी सोडलेली असते. मॅग्नेशियम पोलादाहून लवकर झिजणारें. म्हणून पाणी पोलाद सोडून त्यास खातें. कांडी आहे तोंवर टाकी सुरक्षित असते. ती संपली कीं टाकीची पाळी येते. दर तीन-चार वर्षांनीं ती पाहावी व झिजली असल्यास बदलावी, एवढेंच काम. आणि तें आम्हीं एकदांहि केलें नव्हतें.

या युक्तीचें मूळ शोधूं गेलों, तों एक ओळखीचा गृहस्थ भेटला. सर हंफ्री डेव्ही याचें नांव आम्ही तीस वर्षें वर्गांत घेत आलों आहों. कारण वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांच्या काव्यसंग्रहाच्या १८०० सालच्या दुसऱ्या आवृत्तीचीं मुद्रितें त्यानें तपासलीं होतीं. त्याच डेव्हीनें १८२४ सालीं रॉयल सोसायटीस असें दाखवून दिलें कीं, जहाजांच्या तळास मारलेल्या तांब्याच्या पत्र्यांस जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, तर खारें पाणी तांबें सोडून त्या तुकड्यांसच खातें. तांबें खरोखर वांचलें. पण त्यामुळें समुद्रांतील शिंपल्यांस मारक असा तांब्याचा अंश पाण्यांत उतरेनासा झाला, जहाजांच्या तळांवर शिंपले माजले, आणि ती योजना सोडून द्यावी लागली. जहाजांस न मानवलेली ती युक्ति आज तळघरांतील टाक्यांस मानवली आहे. कवींच्या स्नेह्याचें एवढें काम आमच्या पायांखालीं इतकीं वर्षें चालूं होतें, आणि आम्ही वर्गांत त्याची मुद्रितेंच तेवढीं सांगत होतों!

नवी टाकी बसली, धुराची नळी नीट खेंचते कीं नाहीं हें पाहून झालें, आणि संध्याकाळपर्यंत तोटींतून पुनः ऊन पाणी येऊं लागलें. त्या रात्रीं आम्हीं आईस विचारलें, "आई, बंब पेटवायला तूं किती वाजतां उठत होतीस?"

"चारला," ती म्हणाली. "तुमची सातची शाळा. ओलीं लाकडें असलीं कीं साडेतीन."

"आणि गुडघे कधींपासून दुखतात?"

"त्याचें काय एवढें!" असें म्हणून तिनें तो विषय बंबाप्रमाणेंच आमच्या थोरल्या बहिणीच्या विसणाकडे वळविला. पण या वेळीं आम्हीं दार ओढून घेतलें नाहीं. पुढच्या आठवड्यांत तिला डॉक्टरांकडे नेलें. सांध्यांतील कूर्चा झिजून गेली आहे, व हें आजकालचें नव्हे, असें ते म्हणाले. कांहीं व्यायाम, कांहीं औषधें आणि हातांत एक काठी, एवढें मिळालें. झिजलेलें परत येत नाहीं. उरलेलें जपतां येतें.

मार्चांत आई पुण्यास परत गेली. टाकीवर आम्हीं कांडी पाहण्याची तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेविली आहे. आईस आम्ही दर रविवारीं दूरध्वनि करतों. ती प्रथम विचारते, "बंब ठीक आहे ना?" आम्ही ठीक आहे म्हणतों, आणि मग जिना किती पायऱ्या एका दमांत चढलीस, हें तिच्याकडून वदवून घेतल्याशिवाय सोडीत नाहीं. ती एकदोन पायऱ्या वाढवून सांगत असावी, अशी आमची शंका आहे. तिच्या न्हाण्याच्या पाण्यास विसण थोडेंच लागतें, अर्धा तांब्या. एवढें मात्र आतां आम्हांस पक्कें ठाऊक आहे.