खारपाणपट्टा आत, खाडीकाठ बाहेर

हवामान बदलाला तोंड द्यायला राज्याने २०१८ मध्ये पोकरा आणला. पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे: मराठवाडा, विदर्भातले काही आणि जळगाव. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टाही घेतला, बरंच झालं. पण आमच्या जासईकडची खार जमीन त्यात नव्हती.

इथे दुष्काळ नाही, उधाण मारतं. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात. मग दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय भात धरत नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, २, ३ हे वाण क्षार सोसतात. पण फुटक्या बांधामागे वाण तरी काय करणार?

शेततळ्याला अनुदान मिळतं, तसंच बाहेरकाठा नि उघाडीच्या दुरुस्तीलाही हवामान आराखड्यात दरवर्षी पैसे धरा. तुमच्याकडची उघाडी नीट मिटते का? कळवा.