डावा हात, उजवा हात

तर झालं असं, की डॉक्टरांनी ताईचं डावं मनगट धरलं आणि बराच वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "उजवा बघू." डाव्या हातात बीपी ९०, उजव्यात १५०! इतकी वर्षं जो तो डाव्याच हाताला पट्टा बांधून "नॉर्मल आहे" म्हणत होता. म्हणजे सेन्सर बिघडलेला आणि आम्ही रीडिंगवर खूश.

आजाराचं नाव ताकायासू आर्टरायटिस. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्यात रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं असल्याची नोंद मांडली, त्यावरून हे नाव. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच महाधमनीवर आणि तिच्या फांद्यांवर उलटते. बहुतेक पेशंट तरुण बायका. वाहिनी सहसा अरुंद होते, कधी भिंत कमकुवत होऊन फुगते. ताईचं दोन्ही झालं होतं. डाव्या हाताकडे रक्त जाईना, आणि हृदयातून निघणारी महाधमनी फुगून ५.८ सेंटिमीटर. वर झडप गळकी.

मी लगेच विचारलं, "ऑपरेशन कधी?" प्रॉडक्शनला आग लागली की आपण आधी पॅच टाकतो ना!

सर्जन म्हणाले, "आत्ता नको. ईएसआर ७० आहे. सुजलेल्या भिंतीत टाके नीट धरत नाहीत. आज धरले तरी काही वर्षांनी त्याच सांध्यावर नवा फुगा येऊ शकतो." आधी स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, बीपीच्या गोळ्या. फुगा वाढला किंवा छातीत दुखलं, तर मात्र लगेच.

चार महिने थांबलो. ताई खोकली तरी आई देवघरातून धावत यायची. मी दुसरं हॉस्पिटल शोधायला लागलो, तेव्हा ताईच वैतागली. "अरे, ही माझी धमनी आहे, तुझी डेडलाइन नाही!"

ईएसआर १८ वर आला आणि बेंटॉल ऑपरेशन झालं. ह्यू बेंटॉल आणि अँथनी डी बोनो यांनी ही पद्धत १९६८ साली मांडली. हृदय थांबवून फुगलेला भाग काढायचा, कृत्रिम झडप बसवलेली डेक्रॉनची नळी शिवायची आणि हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या त्या नळीला जोडायच्या. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्या टेरिकॉट शर्टातलंच! ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकींनी १९५० च्या दशकात अशा नळ्या बायकोच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या. ते वाचून मला का कोण जाणे, धीर आला.

सात तास लागले.

आता रात्री शांत झालं की तिच्या झडपेची टिकटिक ऐकू येते. रोज वॉर्फरिन, ठरावीक दिवसांनी आयएनआर, वर्षातून एकदा स्कॅन. कारण ऑपरेशन फुग्याचं झालं, आजाराचं नाही. डाव्या हाताची नाडी अजून लागत नाही.

असो. तुमचं बीपी कुणी मोजलंच, तर एकदा दुसराही हात पुढे करा. दोन मिनिटं लागतात.