मरळीचा काठ

आमच्या तलावाच्या सुशोभीकरणाचा आराखडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तेव्हा त्यात मासा कुठेच नव्हता. पेव्हर ब्लॉकची वाट होती, रंगीत दिव्यांचं कारंजं होतं, पायडल बोटींसाठी धक्का होता, सेल्फी काढायला गावाच्या नावाची मोठाली अक्षरं होती आणि सबंध काठाला काँक्रीटची उभी भिंत होती. गावाला आनंद झाला होता आणि तो रास्तच होता. सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग म्हणजे पावसाची कायमची ओढ. सह्याद्रीवर रिते होऊन उरलेले ढग आमच्या वाट्याला येतात. अशा गावात संध्याकाळी पाण्याकाठी बसायला जागा होणार, पोरांना खेळायला मिळणार, आल्यागेल्याला घेऊन जावं असं काही असणार, ह्याचं मोल बारमाही नळाखाली भांडं धरणाऱ्याला सांगून कळायचं नाही. मलाही ती जागा हवी होती. भिंत मात्र नको होती.

मी नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी केली. तिथले आम्ही काहीजण सुटीच्या दिवशी गळ घेऊन निघायचो. कधी दारणेला, कधी गंगापूर धरणाच्या फुगवट्याला, आणि बाकी कुठे जमलं नाही तर माझ्या गावच्या ह्या तलावावर. निवृत्तीनंतर माझा मुक्काम गावीच जास्त असतो. गावाचं नाव इथे लिहीत नाही. पाणी लहान आहे, आणि नाव छापून आलं की गाड्या भरून माणसं येतील; तेवढा भार त्या पाण्याला पेलायचा नाही.

तलाव १९७२ च्या दुष्काळातला. आमची आई त्या कामावर पाट्या वाहायची, सुकडी खाऊन. कागदोपत्री तो पाझर तलाव आहे, म्हणजे त्याचं काम पाणी साठवून ठेवण्याचं नाही, जिरवण्याचं. वरचं पाणी जमिनीत मुरावं आणि बांधाखालच्या विहिरींना उतरावं, यासाठी तो बांधला. त्यामुळे फेब्रुवारी संपता संपता पाणी मधल्या डोहापुरतं उरतं. तरी तेवढ्या सात-आठ महिन्यांच्या पाण्यावर भोई आळीतली घरं मासे धरत आली, गावाला ताजा मासा मिळत आला, आणि आमच्यासारखे गळवाले चिंचेखाली बसत आले. आराखडा करणाऱ्याला ह्यातलं काही दिसलं नाही. त्याच्या लेखी तलाव म्हणजे रिकामी जागा होती आणि तिच्यात विरंगुळा बाहेरून आणून भरायचा होता.

भोई आळीतल्या मामांना मी तो कागद दाखवायला घेऊन गेलो. त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढचं, जाळं अजून स्वतः विणतात. त्यांनी आराखड्यावरच्या काठाच्या रेघेवर बोट ठेवलं. "भाऊ, ही भिंत झाली की मरळ गेली," ते म्हणाले. "रोहूचं काय, त्याचं बी आणून सोडता येतं. मरळीला कोण आणून सोडणार? तिला उथळ पाणी लागतं, गवत लागतं."

ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, पण आराखड्याशी मी ती जोडली नव्हती. पाऊस स्थिरावला की मरळीची जोडी काठच्या पाणगवतात, गुडघाभर पाण्यात, थोडं गवत बाजूला सारून जागा करते. तिथे अंडी तरंगतात. मग पिलांचा लालसर शेंदरी थवा पाण्याखाली फिरायला लागतो. सगळी पिलं एकदम वर येतात, पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखं दिसतं, पुन्हा सगळी खाली. खाली नीट पाहिलं तर काळसर लांबडी मरळ दिसते. ती तिथून हलत नाही. थव्यावरची मरळ धरायची नाही, हा भोई आळीचा जुना नियम. त्या दिवसांत ती समोर येईल त्याच्यावर तुटून पडते, म्हणून गळाला सहज लागते. आणि ती गेली की आख्खा थवा बेडकांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातो. काँक्रीटच्या उभ्या भिंतीला ना उथळ पाणी, ना गवत. रोहू, कटला, मृगळ हे तर साठलेल्या पाण्यात वीतच नाहीत. त्यांना पावसाळी नदीची धार लागते. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुलमध्ये डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाची टोचणी देऊन त्यांची पैदास करून दाखवली, तेव्हापासून गावोगावच्या तळ्यांत त्यांचं बी सोडणं शक्य झालं. म्हणजे तलावात स्वतःच्या बळावर टिकणारा, भाव खाणारा मासा आमच्याकडे मरळच, आणि तिचंच घर आम्ही सिमेंटने लिंपायला निघालो होतो.

काँक्रीटचं दुखणं नाशिककरांना नवं नाही. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरात गोदावरीच्या पात्राला आणि जुन्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. कुंडांतले जिवंत झरे त्याखाली बुजले, म्हणून नागरिकांनी लढा दिला, न्यायालयात गेले. घातलेलं काँक्रीट काढायचं म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा वर्षं. मी ग्रामपंचायतीत हाच दाखला दिला. सरपंचताई नाशिकला शिकलेल्या, त्यांना रामकुंड वेगळं सांगावं लागलं नाही. "भिंत नको तर काय हवं, ते तुम्ही काढून आणा," त्या म्हणाल्या. हे मला फार आवडलं. नुसता विरोध ऐकून घ्यायला गावाला वेळ नसतो.

डिसेंबरात आम्ही एक टेम्पो करून नांदूरमधमेश्वरला गेलो. सरपंचताई, दोन सदस्य, मामा, बचत गटाच्या बायका आणि शाळेचे सर. निफाड तालुक्यातलं हे ठिकाण आमच्यापासून लांब नाही, पण टेम्पोतल्या निम्म्या माणसांनी ते पाहिलं नव्हतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा बांधला, कालव्यांना पाणी वळवण्यासाठी. पुढे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, त्यांवर गवत-लव्हाळा वाढला, आणि पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जी खराबी होती तिच्यावर हजारो पक्षी उतरायला लागले. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत. गावातलीच पोरं दुर्बीण लावून देतात, नावं सांगतात. काळाभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी पाहून बायका हसल्या, कारण त्याचं नाव वारकरी. तिथे कारंजं नाही, गाणी लावलेली नाहीत, तरी शहरातली माणसं पहाटे उठून, थंडीत कुडकुडत येतात आणि त्यांच्या चहापाण्यावर, वाट दाखवण्यावर गावाच्या हातात चार पैसे पडतात. सरपंचताईंनी तिथल्या पोराला पहिला प्रश्न विचारला तो मनोरा किती खर्चात झाला हा. दुसरा, जलपर्णीचं तुम्ही काय करता. वरून शहराचं सांडपाणी घेऊन येणाऱ्या गोदेत ती जलपर्णी फोफावते. रामसरच्या माहितीपत्रातही तिचा धोका नोंदलेला आहे. त्याच पत्रात देवळालीच्या एका चिमुकल्या माशाचं नाव आहे. १९३८ साली होरा आणि मिश्रा यांनी देवळालीच्या नमुन्यांवरून तो जगाला सांगितला. आज तो नामशेष होण्याच्या काठावर असलेल्या माशांत मोजतात. देवळाली कॅम्प म्हणजे आमच्या नाशिकरोडला लागूनच. तिथल्या मातीचं नाव लावून फिरणारा मासा जातो आहे, हे मला तिथे उभं राहून फार लागलं.

परत येताना टेम्पोत जी चर्चा झाली तीच खरी आराखड्याची बैठक होती. बायकांनी आधी बाजू मांडली. त्यांना धुण्यासाठी वेगळा घाट हवा होता, आणि साबणाचं पाणी तलावात न जाता शोषखड्ड्यात जाईल असा. शिवाय संध्याकाळी फिरायची वाट दिसती-उघडी हवी, झाडीत हरवलेली नको. हे पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं. सरांना पोरांसाठी पोहायला शिकण्याची, कमरेएवढ्या पाण्याची आखलेली जागा हवी होती. मी गळवाल्यांसाठी दगडी पायऱ्या मागितल्या, फक्त बांधाच्या टोकाला, जिथे पाणी तसंही खोल आहे.

ग्रामसभेत भांडण मात्र माशावरून झालं नाही, गाळावरून झालं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे गाळाला आता भाव आहे. शेतकऱ्यांना सगळा तळ खरवडून हवा होता. काळी माती शेतात पडते आणि तळ उघडा झाला की पाणी झपाट्याने मुरून विहिरींना उतरतं. मामांचं म्हणणं नेमकं उलटं. मुरूम उघडा पडला की संक्रांतीलाच तलाव आटेल, मग मासा कुठे वाढायचा? दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच ते भांडण सुटायला अवघड होतं. शेवटी वाटणी झाली ती अशी: वरच्या अंगाचा पसरट भाग मुरूम लागेपर्यंत काढायचा, तिथून विहिरींना पाणी उतरेल. जुन्या नाल्याच्या ओळीत, बांधाच्या पायथ्यापासून सुरक्षित अंतर सोडून, डोह खोल करायचा. पण त्याच्या तळाला हातभर चिकणमाती तशीच ठेवायची. पश्चिमेचा उथळ काठ, पाणगवतासह, जेसीबीने शिवायचाही नाही. पाझर तलावातून मोटर लावून थेट उपसा करायचा नसतो, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि कोणी पाळत नव्हतं. डोहात एक दगडी खांब रोवला आणि पाणी त्या खुणेला आलं की एकही मोटर चालू राहणार नाही, असा ठराव हात वर करून झाला. हात वर करणाऱ्यांत ज्यांच्या मोटरी होत्या तेही होते.

गळवाल्यांचा आणि तलावातल्या मासेमारीचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थेचाही जुना तंटा होता. ठेका संस्थेने भरायचा, बी संस्थेने सोडायचं आणि बाहेरच्याने फुकट गळ टाकायचा, हे न्यायाचं नव्हतं. आता गळाला दिवसाचा पास आहे, पैसे संस्थेला जातात. माणशी दोन मासे घेऊन जायचे, तळहातापेक्षा लहान असेल तो परत सोडायचा. पहिल्या पावसात सांडव्याच्या धारेवर चढणीचे मासे धरायला जी झुंबड उडायची ती बंद केली. अंड्यांनी पोट भरलेले मासे गोणपाटाने उपसून नेण्यात कसली मौज, हे मी सभेत जरा चढ्या आवाजातच बोललो. चढणीच्या माशाचं कालवण ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना ते झोंबलं, पण ठराव टिकला.

मे महिन्यात गाळ न्यायला ट्रॅक्टरची रांग लागली. जुलैच्या अखेरीस तलाव निम्मा भरला आणि बोटुकली आली. आम्ही मुद्दाम बारीक जिरे न घेता बोटाएवढी पिलं घेतली. महाग पडतात, पण आमचं पाणी थोड्या महिन्यांचं, त्यांना वाढायला उशीर चालत नाही. ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पहाटेच गाडीतून उतरल्या. पोरांना वाटलं, तोंड सोडायचं आणि ओतायचं. मामांनी एकेकाच्या हातावर चापट मारून थांबवलं. पिशव्या तशाच बंद, पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार व्हायला हवं, नाहीतर पिलं जागीच उलटी पडतात. मग तोंड सोडून ओंजळ ओंजळ तलावाचं पाणी आत घातलं, पिशवी आडवी केली आणि हात काढून घेतला. कटल्याची पिलं लगेच वरच्या थरात पांगली. मृगळ तळाकडे गेले. रोहू थोडा वेळ पिशवीच्या तोंडाशीच घोटाळत राहिले. एक मुलगी पाण्यात उकिडवी बसून त्यांना "जा ना, जा ना" करत होती.

आता तलावाकाठी मुरमाची चापून बसवलेली वाट आहे, कडुनिंब आणि करंजाची रोपं आहेत, चिंचेखाली दगडी बाकं आहेत. पेव्हर ब्लॉक फक्त घाटावर बसवले. विसर्जनाचा हौद सांडव्याच्या बाजूला वेगळा बांधला. तरीही गौरी-गणपतीत काही जुनी मंडळी मूर्ती घेऊन पाण्यापर्यंत आली. त्यांची समजूत सरपंचताईंनी आणि कीर्तनकार बुवांनी मिळून काढली. कारंज्याचे पैसे घाटाच्या शोषखड्ड्याकडे वळवायला तालुक्याला खूप हेलपाटे झाले, कारण मंजूर अंदाजपत्रकात फेरबदल म्हणजे नवी फाइल. पायडल बोटी आल्या नाहीत. काही तरुणांना त्याची खंत आहे आणि ती मला समजते. पाणी भरलेल्या दिवसांत, पश्चिमेचा काठ वगळून, दोन बोटी चालवायला माझी हरकत नाही, हे मी त्यांना सांगितलं आहे.

मोटरींचा प्रश्न मिटलेला नाही. खुणेचा खांब उघडा पडला त्या रात्री दोन मोटरी चालूच होत्या. त्यांतली एक ज्यांची होती त्यांचा कांदा शेतात उभा होता आणि विहीर कोरडी. अशा माणसाला मासा वाचव म्हणून सांगणं सोपं नाही. येत्या १ मे च्या ग्रामसभेत मी आणि मामा मिळून मांडणार आहोत की पासाच्या आणि ठेक्याच्या रकमेतला ठरावीक हिस्सा टंचाईच्या दिवसांत अशा शेतकऱ्यांच्या टँकरला द्यावा आणि बदल्यात त्यांनी खांबाची खूण राखावी. संस्थेतले काहीजण कुरकुरत आहेत. त्यांना घेऊन पुढच्या आठवड्यात आधी भोई आळीत बसायचं ठरलं आहे.