अजून आत उरलेलं

संडासातून उठून आलो तरी काहीतरी आत उरलंय, ही जाणीव दिवसभर सोबत असते. हदगावच्या बाजारात भाजी निवडतानाही मन तिथंच.

माझं मोठं आतडं काढून लहान आतड्याच्या टोकाची पिशवी शिवली, त्याला बरीच वर्षं झाली. 1978 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी अशी पिशवी मांडली, ती तीन घड्यांची. पुष्कळांना नळी घालून रिकामी करावी लागे. 1980 मध्ये जपानच्या उत्सुनोमियांनी जे-आकाराची, दोन घड्यांची केली, आपोआप रिकामी व्हावी म्हणून. माझी तीच. तरी आता मलाही नळी लागते. पिशवीचा सांधा अरुंद झालेला नाही. जोर लावला की खालचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळतात, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. नळीची आधी फार लाज वाटायची. आज कोमट पाणी सोडलं, पोट हलकं झालं आणि डोळे भरून आले.

आई भाकरी थापता थापता विचारते, "झालं का रे बाबा?" इतक्या मायेनं हे दुसरं कोण विचारणार? अंबाडीची भाजी केली की माझ्यासाठी वेगळं वरण लावते.

स्नायू सैल सोडायला शिकवतात, त्यासाठी पुण्याला जायचंय. तिला सोबत न्यावं का, ते ठरत नाही. गुडघे दुखतात तिचे.