यंत्राच्या ज्वराचें निदान

वैशाखांत भूमची हवा कशी असते हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस सांगावयास नको. बालाघाटच्या पठारावरचें हें गांव. रात्रीं बरा वारा सुटतो, परंतु दुपारीं पारा चाळिशी ओलांडतो आणि माळवदाखालची खोली सोडून बाहेर पाऊल टाकण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. अशा दिवसांत माणसें तापतात, गुरें तापतात. मग विजेवर चालणारें यंत्र तापलें तर त्यांत नवल तें काय? परंतु आमच्या घरांत यंदा अशा एका यंत्राच्या तापानें एवढा कलह माजविला कीं, या विषयाकडे थोडें बारकाईनें पाहणें आम्हांस भाग पडलें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस त्यांतून कांहीं उपयोगाचें सांपडेल असें वाटल्यावरून ही हकीकत लिहीत आहों.

आमची थोरली नात पुण्यास वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षांत शिकते. तिच्या अभ्यासासाठीं तीन वर्षांपूर्वीं जो लॅपटॉप घेतला तो गेमिंगचा, म्हणजे खेळांसाठीं बनविलेला. इमारतींचीं चित्रें संगणकावर हुबेहूब उभीं करण्यास जें सामर्थ्य लागतें, तेंच या नव्या खेळांसही लागतें; म्हणून असे विद्यार्थी खेळाचें यंत्र अभ्यासास घेतात. ही गोष्ट घरच्या वडील मंडळींस पटवितां पटवितां आमच्या पुतण्याच्या नाकीं नऊ आले होते. या वैशाखांत नात घरीं आली ती शेवटच्या प्रकल्पाचीं चित्रें बारा दिवसांत पुरीं करून पाठविण्याच्या घाईंत. आणि यंत्र तर वीस-पंचवीस मिनिटें काम केलें न केलें तोंच तापूं लागे, पंखे घोंघावत, कळफलक हाताला चटका देई, आणि पडदा एकाएकीं काळा होई.

घरांतला धाकटा नातू रात्रीं त्याच यंत्रावर खेळत असे. त्यामुळें निकाल लागण्यास वेळ लागला नाहीं. ‘खेळून खेळून यानेंच तें जाळलें,’ असें आमच्या वहिनींनीं माजघरांतून जाहीर केलें. मुलगा रडकुंडीस आला. नातीनें त्याच्याशीं बोलणें टाकलें. त्यांत भर म्हणून एका दुकानदारानें यंत्र न उघडतांच मदरबोर्ड गेला असें सांगून अडतीस हजारांचा अंदाज हातीं ठेविला. एवढ्या रकमेंत धाकट्याची वर्षाची फी भरून वर पुस्तकें येतात. घरांत पैसा एका पेटींतून निघतो, आणि एका मुलाचा खर्च दुसऱ्याच्या तोंडचा घांस होतो, हें ज्या घरांनीं पाहिलें आहे त्यांस त्या संध्याकाळची शांतता निराळी वर्णून सांगण्याची गरज नाहीं.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. यंत्रांशीं आमचा संबंध घड्याळाला किल्ली देण्यापुरता. परंतु कारण ओळखण्याची एक जुनी रीत आम्हीं वर्गांत पुष्कळदां शिकविली होती. कारण असतां कार्य असणें हा अन्वय, आणि कारण काढून घेतां कार्यही नाहींसें होणें हा व्यतिरेक. दोन्हीं जुळल्यावांचून अमुक हें तमुकाचें कारण असें म्हणूं नये. ही रीत वैद्यास चालते, तर लॅपटॉपास कां चालूं नये?

आधीं उष्णता येते कोठून हें समजून घेतलें पाहिजे. यंत्रांत शिरणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णताच होते. खेळाच्या लॅपटॉपांतील प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप हीं दोन्हीं पुऱ्या जोरानें चालूं लागलीं म्हणजे दीडशें वॅट किंवा त्याहूनही अधिक वीज ओढतात. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. म्हणजे दोन पंख्यांची वीज अंगठ्याच्या नखाएवढ्या दोन चिपांत मुरते, आणि ती सर्व ऊब दोन बोटें जाडीच्या डब्यांतून बाहेर काढावयाची! हें काम चिपांवर बसविलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्या करतात. त्या भरीव नसतात. आंतली हवा काढून त्यांत थोडेंसें पाणी कोंडलेलें असतें. हवेचा दाब नसल्यामुळें तें थोड्या उष्णतेनेंच वाफ होतें. वाफ थंड टोकाकडे धांवते, तेथें तिचें पुन्हां पाणी होतें, आणि नळीच्या आंतील जाळीदार अस्तरांतून, समईच्या वातींतून तेल चढावें तसें, तें चिपेकडे परत येतें. या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत १९४४ सालींच झालें होतें. पण १९६३ सालीं लॉस अलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यांनीं ती स्वतंत्रपणें सिद्ध केली, आणि पुढें कृत्रिम उपग्रहांतही तिचा उपयोग झाला. उपग्रहांतली वस्तु आमच्या माजघरांत येऊन बसली आहे, आणि आम्ही तिच्यावरून पोरास बोल लावतों आहों, हें ध्यानांत आल्यावर आम्हांस हंसूं आवरेना.

नळीचें थंड टोंक थंड ठेवण्याचें काम मात्र पंख्याचें. आमच्या तालुक्यांत खव्याच्या भट्ट्या पुष्कळ आहेत. कुंथलगिरीचा खवा-पेढा दूरच्या लोकांसही ठाऊक आहे. भट्टीवरच्या माणसाचा हात थांबला कीं दूध तळाला लागतें. आंच तीच, कढई तीच. फक्त उष्णता एका जागीं साचली. पंख्याचें थांबणें हें त्या हाताचें थांबणें होय.

आतां परीक्षा. दोन दिवस खेळ पूर्ण बंद ठेवविला. नातीचें काम सुरू झालें कीं यंत्र पूर्ववत् विझे. कारण काढलें, कार्य राहिलें; मुलगा तेथेंच सुटला. मग जागा बदलली. नात गादीवर बसून काम करी, आणि या यंत्रांस हवा खालच्या बाजूनें लागते. गादींत तीं छिद्रें पुरीं बुजतात. लाकडी मेजावर ठेवितांच यंत्र चाळीस मिनिटें टिकलें. मागची बाजू इंचभर उचलावी म्हणून कोणी आपट्यांचा कोश आणूं लागलें; तें आमच्या जिवावर आलें, म्हणून लाकडी पट्ट्या घातल्या. पहांटे, खोली थंड असतां, तें आणखी थोडें टिकलें. हीं सर्व साहाय्यक कारणें खरीं, परंतु मुख्य कारण अद्याप आंतच होतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा आमचा हट्ट. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. नात चिडे, कारण दिवस सरत होते, आणि तिचें चिडणें रास्त होतें.

यंत्रांतच उष्णता दाखविणारी सोय असते. ती पाहतां काम सुरू होऊन पांच मिनिटें होत नाहींत तों प्रोसेसर ९७ अंशांवर. बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात, आणि तरीही ताप चढला तर जीव वांचविण्यासाठीं यंत्र बंद होतें. म्हणजे पडदा काळा होणें हा रोग नव्हे, तो बचाव होय. पंखे मंद ठेवणारी ‘शांत’ योजना चालूं नाहीं ना, मागें एखादा अवजड कार्यक्रम निष्कारण धांवत नाहीं ना, हेंही पाहिलें. तेथें कांहीं आढळलें नाहीं.

शेवटीं देवघरांतला फुलवातीचा कापूस आणून त्याचा एक तंतु मागच्या दोन्हीं झरोक्यांपुढें धरला. उजवीकडे तो फडफडला. डावीकडे जागचा हलेना. कान लावला तर आंतून खरखर ऐकूं आली. मदरबोर्ड निर्दोष आहे हें एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं, पण अडतीस हजार खर्चण्याआधीं पंखा पाहावा इतकें निश्चित सिद्ध होतें.

वॉरंटी संपली होती, म्हणून बाजारांत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणास घरीं बोलाविलें. (वॉरंटी असेल तर आधीं विचारावें, मगच उघडावें.) यंत्र बंद, चार्जर दूर, झांकण निघतांच पहिल्यानें बॅटरीची तार सोडविलेली. बॅटरी फुगलेली दिसली तर तेथेंच थांबावें; तिला टोचूं किंवा दाबूं नये, कारण ती पेट घेऊं शकते. स्क्रू लहानमोठे असतात. लांब स्क्रू भलत्या भोंकांत गेला तर खालचें नाजूक काम फोडतो. धाकट्या नातवानें एका कागदावर यंत्राची आकृति काढून ज्याच्या त्याच्या जागीं स्क्रू मांडले. हें काम त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. नात कांहीं बोलली नाहीं, पण कागद वाऱ्यानें उडूं नये म्हणून तिनें त्याच्या कोंपऱ्यावर आपली वही ठेविली.

पंखा आणि तांब्याच्या पत्र्यांची जाळी यांच्यामध्यें घोंगडीच्या तुकड्यासारखा धुळीचा थर बसला होता. बाहेरून तो दिसत नाहीं, त्यामुळें झरोके पुसून समाधान मानणाऱ्यांची फसगत होते. थर चिमट्यानें काढून बाकी मऊ कुंचल्यानें झाडलें. हवेचा झोत मारतांना पातीं काडीनें धरून ठेवावीं, मोकळीं गरगरूं देऊं नयेत. आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर जवळही आणूं नये, त्यानें स्थिर विजेचा धक्का बसण्याचें भय असतें. डाव्या पंख्याचा आंस झिजून पातें कडेला घांसत होतें. त्यास तेल घालून चार दिवस काढतां आले असते, पण त्या तरुणानें तें नको म्हटलें, आणि आम्हांसही तेंच योग्य वाटलें. डावा आणि उजवा पंखा सारखे नसतात. लेबलावरचा क्रमांक पाहून तोच मागवावा लागतो.

चिप आणि तांबें यांच्यामधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. दोन सपाट धातु एकमेकांवर ठेविले तरी मध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि हवेसारखा उष्णतेचा आळशी वाहक दुसरा नाहीं. त्या पोकळ्या भरण्यासाठीं पेस्ट. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलानें पुसून नवी लावली आणि स्क्रू त्यांजवर छापलेल्या अनुक्रमानें थोडे थोडे आवळले. कांहीं यंत्रांत पेस्टेच्या जागीं द्रवरूप धातु असतो. तो वीजवाहक असल्यामुळें त्यास घरीं हात लावूं नये.

पंखा पांच दिवसांनीं आला. तोंवर नातीनें पहांटे, मेजावर, तुकड्या तुकड्यांनीं काम केलें. नवा पंखा बसल्यावर त्याच कामास ८४ अंश, भर दुपारीं ८८. एकूण खर्च दोन हजारांच्या आंत. चित्रें मुदतीच्या आदल्या रात्रीं पुण्यास गेलीं.

मुलास आतां रात्रीं एक तास खेळण्याची परवानगी आहे, मेजावर, पट्ट्या लावून. वहिनींचें मत मात्र बदललेलें नाहीं. उजव्या पंख्याचा आवाज सध्यां शुद्ध आहे. तोही तितक्याच वयाचा असल्यामुळें त्याचा क्रमांक आम्हीं वहींत उतरवून ठेविला आहे.