सहीमागचा हात

प्राचीन ग्रंथातील प्रक्षिप्त भाग वेगळा काढणाऱ्या संपादकाच्या हाताशी बहुधा एक आधार असतो. त्या कर्त्याचे म्हणून निर्विवादपणे मान्य झालेले काही लेखन त्याच्यासमोर असते. संशयित मजकूर त्या लेखनाशेजारी ठेवावा, शब्दकळा, व्याकरण आणि लकबी ताडून पाहाव्यात आणि मग निर्णय द्यावा, ही पाठचिकित्सेची रूढ वाट होय. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली स्त्रियांचे खून करणाऱ्या अज्ञात इसमाच्या नावावर जी शेकडो पत्रे जमा आहेत, त्यांच्या बाबतीत ही वाट पहिल्याच पावलाला खुंटते. त्या इसमाने खात्रीने लिहिलेली एक ओळही उपलब्ध नाही. ज्या नावाने तो जगाला ठाऊक आहे, ते नावही यांपैकीच एका पत्रातून आलेले आहे.

ते पत्र २५ सप्टेंबर १८८८ या तारखेचे. लाल शाई, वळणदार अक्षर, 'डिअर बॉस' असा मायना आणि खाली सही 'जॅक द रिपर'. मेरी ॲन निकल्स आणि ॲनी चॅपमन यांचे खून त्याआधीच झाले होते. पत्र २७ तारखेला सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेकडे पोचले आणि २९ तारखेला तेथील टॉमस बुलिंग याच्या चिठ्ठीसह स्कॉटलंड यार्डकडे गेले. आणखी थोडे 'काम' होईपर्यंत पत्र रोखून ठेवावे अशी सूचना त्यात होती, आणि पुढच्या वेळी बाईचे कान कापून पोलिसांकडे पाठवीन अशी बढाईही होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरिन एडोज यांचे खून झाले. एडोज यांच्या कानाच्या पाळीला छेद गेलेला आढळला. दुसऱ्या दिवशीच्या टपालशिक्क्याचे एक पोस्टकार्ड त्याच वृत्तसंस्थेकडे आले. त्यात दोन्ही खुनांचा उल्लेख, कान घ्यायला वेळ मिळाला नाही अशी सबब आणि आधीचे पत्र रोखून धरल्याबद्दल आभार होते.

ही पत्रे अस्सल मानणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा, की मारेकऱ्यावाचून कोणालाही ठाऊक नसलेली माहिती त्यांत आहे. तारखा नीट लावल्या की हा युक्तिवाद बराचसा विरघळतो. ३० सप्टेंबर हा रविवार होता. दुहेरी खुनाची वार्ता त्याच दिवशी लंडनभर पसरली होती, आणि सोमवारी सकाळी वृत्तपत्रांत खुनांच्या हकिकतीबरोबर 'डिअर बॉस' पत्राचा मजकूरही छापून आला. सोमवारीच टपालात पडलेल्या कार्डात या गोष्टी असाव्यात, यात अलौकिक काही नाही. कानाचे म्हणाल, तर एडोज यांच्या चेहऱ्यावर इतरही अनेक वार होते आणि कान कोणाकडेही पाठविला गेला नाही.

याहून बोलका पुरावा मजकुराबाहेर, पाकिटावर आहे. ईस्ट एंडच्या बोळांतून हिंडणाऱ्या मारेकऱ्याला आपली कीर्ती गाजवायची असती, तर त्याने पोलिसांना किंवा एखाद्या खपाऊ वृत्तपत्राला लिहिले असते. वृत्तपत्रांना बातम्या पुरविणाऱ्या संस्थेचे नाव सामान्य वाचकाच्या ओठांवर नसते. ते पत्रकारांना माहीत असते. पत्र रोखून ठेवा, मग सोडा, ही सूचनाही बातमीचा मुहूर्त जाणणाऱ्याची वाटते. स्कॉटलंड यार्डचे माजी अधिकारी सर रॉबर्ट अँडरसन यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणींत हे पत्र एका उद्योगी पत्रकाराची निर्मिती असल्याचे लिहिले. जॉन लिटलचाइल्ड यांनी १९१३ मध्ये लिहिलेले एक खाजगी पत्र १९९३ साली उजेडात आले, त्यात तर यार्डमध्ये संशय बुलिंगवर होता असे नाव घेऊनच म्हटले आहे. स्वतः लिटलचाइल्ड यांना मात्र बुलिंगचा वरिष्ठ मूर हाच कर्ता वाटत होता. हे न्यायालयात टिकेल असे प्रमाण नव्हे. तरीही सेंट्रल न्यूजकडे आलेल्या तिसऱ्या पत्राची बुलिंगच्या हातची केवळ नक्कलच पोलिसांकडे गेली, हे लक्षात घेतले की संशयाला बळकटी येते.

पोलिसांनी ऑक्टोबरच्या आरंभी पत्र व पोस्टकार्ड यांच्या प्रतिकृती भित्तिपत्रकावर छापून चिकटविल्या. अक्षर ओळखणारा कोणीतरी पुढे येईल ही त्यामागची अपेक्षा. पुढे आले ते नकलाकार. त्या सहीची पत्रे देशभरातून येऊ लागली. ब्रॅडफर्डच्या एका एकवीस वर्षांच्या तरुणीला तर अशाच पत्रांबद्दल अटक झाली. संतकवींच्या नाममुद्रेने पुढील पिढ्यांनी रचना केल्या, हे मराठीच्या अभ्यासकाला नवे नाही. तेथे मुद्रेच्या आधी एक कवी होऊन गेलेला असतो. येथे मुद्रा आधी घडली आणि तिच्यामागे एक माणूस नंतर कल्पिला गेला. तो खोडकर, पोलिसांना चिडवणारा, विनोदबुद्धीचा माणूस आजही कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत वावरतो. मेरी जेन केली यांच्या खोलीत ९ नोव्हेंबरला जे घडले त्याचा कर्ता असा होता, असे मानायला या पत्रांखेरीज आधार नाही.

एका पत्राचे प्रकरण निराळे आहे. १६ ऑक्टोबरला व्हाइटचॅपलच्या दक्षता समितीचे अध्यक्ष जॉर्ज लस्क यांना एक खोका मिळाला. त्यात स्पिरिटमध्ये राखलेले अर्धे मूत्रपिंड होते आणि 'नरकातून' अशा शब्दांनी सुरू होणारे पत्र. त्यावर 'जॅक द रिपर' ही सही नाही. एडोज यांचे डावे मूत्रपिंड मारेकऱ्याने नेले होते, त्यामुळे याच पत्राला अनेक अभ्यासक गांभीर्याने घेतात. लंडन हॉस्पिटलचे डॉ. ओपनशॉ यांनी ते मूत्रपिंड मानवी असल्याचे सांगितले. बाकी रंजक तपशील वृत्तपत्रांनी त्यांच्या तोंडी घातले. शवविच्छेदन झालेल्या कोणत्याही प्रेतातून ते मिळू शकले असते, ही पोलिसांचीही नोंद आहे. भाषेकडे पाहावे तर लेखक अडाणी वाटतो. पण त्याचे अडाणीपण संशयास्पद आहे. इंग्रजीत 'नाइफ' लिहिताना आरंभी उच्चारात नसलेला 'के' लागतो. हा गृहस्थ अखेरचे अक्षर गाळतो, 'के' मात्र विसरत नाही. कानाने लिहिणारा माणूस नेमका उलट चुकला असता. 'मिस्टर'चे त्याने केलेले रूप रंगभूमीवरच्या आयरिश पात्राला शोभेसे आहे. मूळ पत्र आता हरवले आहे. छायाचित्रावरच सारा विचार चालतो.

अलीकडे संगणक या वादात उतरला आहे. मँचेस्टर विद्यापीठाचे अँड्रिया निनी यांनी २०१८ मध्ये २०९ पत्रांतील शब्दजोड्या तपासून 'डिअर बॉस' आणि ते पोस्टकार्ड बहुधा एकाच हातचे, असा निष्कर्ष काढला. काम काटेकोर आहे आणि त्याची मर्यादाही स्पष्ट आहे: एक हात म्हणजे खुन्याचा हात नव्हे. हा भेद पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्यासारख्या लोकप्रिय लेखिकेच्या २००२ मधील पुस्तकात पुसट होतो. काही पत्रांचा संबंध चित्रकार वॉल्टर सिकर्ट यांच्याशी लागला असे घटकाभर मानले, तरी सिकर्ट यांनी पत्रे लिहिली एवढेच ठरेल.

हा भेद विसरल्याची किंमत यॉर्कशरमध्ये मोजली गेली. तेथील खूनसत्राचा तपास करणारे जॉर्ज ओल्डफील्ड यांना १९७८-७९ मध्ये 'जॅक द रिपर' या सहीची पत्रे आली, आणि जून १९७९ मध्ये एक ध्वनिफीत. पत्रांत जुन्या पत्रांचे पडसाद होते. येथेही तोच युक्तिवाद झाला: प्रेस्टनच्या १९७५ मधील खुनाचा उल्लेख मारेकऱ्यावाचून कोण करील? वस्तुतः त्या खुनाची बातमी वृत्तपत्रांत येऊन गेली होती आणि तो खून त्या मारेकऱ्याने केलेलाच नव्हता. लीड्स विद्यापीठातील बोलींचे अभ्यासक स्टॅन्ली एलिस यांनी फितीतील आवाज संडरलंडजवळच्या कॅसलटाउनचा असल्याचे अचूक ओळखले. बोलणारा मारेकरीच आहे असा त्यांचा दावा नव्हता. फीत बनावट असावी अशी शंका भाषाशास्त्रज्ञांनी पुढे व्यक्तही केली. पोलीस मात्र त्या बोलीचा माणूस शोधत राहिले. पीटर सटक्लिफ हा यॉर्कशरचा. त्याची अनेकदा चौकशी झाली, आणि तो आवाज व ते अक्षर त्याचे नसल्याने त्याच्यावरचा संशय फिका पडत गेला. फीत आल्यानंतर जानेवारी १९८१ मध्ये तो पकडला जाईपर्यंत आणखी तीन स्त्रियांचे खून झाले. पत्रे लिहिणारा जॉन हंबल संडरलंडचा होता. पाकीट चिकटवताना लागलेल्या लाळेवरून तो २००५ मध्ये सापडला आणि २००६ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली.