आवाज आधी, झेल नंतर

२ नोव्हेंबर २०२५. दुपारी बाबांच्या टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक जोडली. टीव्हीच्याच यूएसबीवर ती सारखी बंद पडत होती. अ‍ॅडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला, तेव्हा कुठे स्थिरावली. वायफाय २.४ वरून ५ गिगाहर्ट्झवर नेलं आणि चित्र अडकायचं थांबलं. बाबांनी रिमोटचं एकेक बटण अंगठ्यानं चाचपून पाहिलं.

पावसामुळे भारताचा महिला क्रिकेट विश्वचषकातला अंतिम सामना उशिरा सुरू झाला. इंटरनेटवरचं प्रक्षेपण छोट्या छोट्या तुकड्यांनी येतं, म्हणून मागे राहतं. शेजारी जल्लोष उसळला तेव्हा आमच्याकडे दीप्ती अजून चेंडू टाकायचीच होती. मग हरमनप्रीतनं मागे धावत झेल घेतला. आपण जिंकलो हे आधीच कळलं होतं, तरी डोळे भरून आले. बाबा माझा हात घट्ट धरून बसले होते.